फेबीच्या तोंडची वंशावळ

मेजर अँब्रोज विदरबी वारले त्या वर्षी सेज पॉइंटच्या मळ्यावर एकाहत्तर काळी माणसं होती. त्यांतल्या त्रेपन्नांना या जगात पहिल्यांदा हात लावला तो फेबीने. ती मळ्याची सुईण. घरातली गोरी मुलंही तिच्याच हातांवर उतरली होती: आधीच्या बाईसाहेबांचा फिलिप, दुसऱ्या बाईसाहेबांचा गॅविन, आणि मधली तीन, जी जगली नाहीत. तिचे हात लहान होते, पोरीच्या हातांसारखे. बाकीची सगळी फेबी म्हातारी झाली, हात तेवढे मागे राहिले, असं ठेंगणी डॉल म्हणायची.

फेबीची आई कोबा. कोबाला जहाजातून उतरवून लुक्रेशिया बाईसाहेबांच्या वडिलांनी घेतलं होतं. लुक्रेशियाबाई लग्न होऊन रॅपहॅनक नदीच्या या काठाला आल्या, तेव्हा माहेरहून चांदीचे चमचे आले, एक घोडी आली आणि चार बायका आल्या. कोबा, बेस, ज्यून आणि कोबाची मुलगी फेबी. वडिलांनी लग्नातच कागद करून दिला होता: या चौघी आणि त्यांच्या पोटी पुढे जे जे येईल ते, लुक्रेशियाच्या पोटच्या मुलांचं. मेजरांचं नाही, मेजरांच्या दुसऱ्या कुठल्या मुलांचंही नाही. त्या मुलखात काळं मूल आईच्या मागे जातं. जिचं पोट, तिच्या मालकाचं मूल. बापाचं नाव कुणी विचारत नाही, आणि ते न विचारण्यात बऱ्याच जणांची सोय असते.

लग्नानंतर वर्षाच्या आत फेबीला नेल झाली. नेलचा रंग फेबीपेक्षा पुष्कळ उजळ होता. त्यावर कोणी काही बोललं नाही. फेबीही नाही. सात आठवड्यांनी फिलिप झाला. लुक्रेशियाबाईंना दूध आलं नाही. एका अंगाला नेल आणि एका अंगाला फिलिप, असा फेबीचा तो हिवाळा गेला.

फेबीला अक्षर येत नव्हतं. पण कोण कुणाच्या पोटचं, पहिलं की सातवं, तंबाखूची रोपं लावताना झालं की पानं वाळत टाकताना, पायाळू की सरळ, हे तिला पाठ होतं. पाठ केलेलं नव्हतं, साचलेलं होतं. खळ्यात, धुण्यावर कुणी सहज विचारायचं, "फेबीमावशी, माझी आजी कोण गं?" की ती हातातलं काम न थांबवता सांगायची. ज्यूनची बेट्टी, बेट्टीचा मोझेस, मोझेस मोठ्या पुराच्या वर्षाचा. तिच्या आवाजात तेव्हा काही नसायचं. दाणे मोजावेत तशी ती माणसं मोजायची.

मेजरही नोंद ठेवायचे. घरच्या बायबलच्या पुढच्या कोऱ्या पानांवर विदरबींचे जन्म, लग्नं, मृत्यू. तेच बायबल उलटं धरलं की मागच्या पानांवर काळ्या वस्तीतले सगळे. मूल, साल, आई. तीन रकाने. महिन्यातून एकदा ते वस्तीवर चक्कर मारायचे, नवं मूल दिसलं की खिशातल्या वहीत टिपायचे आणि रविवारी बायबलात उतरवायचे. हे बायबल मात्र लुक्रेशियाबाई गेल्यावर, दुसऱ्या लग्नाच्या वेळी घेतलेलं. त्याच्या आधीची पिढी त्यात नव्हती. ती फक्त फेबीकडे होती.

नेल चोविसाव्या वर्षी गेली. बाळंतपणात. सुईण फेबीच होती. मूल आडवं होतं, ते तिने फिरवलं, काढलं, नाळ बांधली, तोंड पुसलं, आणि वर पाहिलं तर नेल संपलेली होती. मुलगी रडत होती. फेबीने तिला उचललं आणि पलीकडच्या खोपटात चॅरिटीकडे नेलं.

चॅरिटी मेजरांनी दोन वर्षांपूर्वी विकत घेतलेली. चार दिवसांपूर्वी तिलाही मुलगी झाली होती, डॅफ्नी. चॅरिटीने डॅफ्नीला बाजूला ठेवलं आणि या पोरीला छातीशी घेतलं. विनी हे नावही तिनेच ठेवलं.

नेलला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी मेजर वस्तीवर आले. चॅरिटी दारात बसली होती, अंगावर विनी पीत होती. आतल्या बाजूला फेबी डॅफ्नीला मांडीवर घेऊन बसलेली.

"हिचं नाव काय?" मेजरांनी चॅरिटीला विचारलं.

"विनी, मालक."

त्यांनी लिहिलं. मग वाकून आत पाहिलं. "आणि ही नेलची. हिचं?"

फेबीने मांडीवरच्या पोरीचं फडकं सारखं केलं. "डॅफ्नी," चॅरिटी म्हणाली.

मेजरांनी तेही लिहिलं आणि गेले. ज्या अंगावर पोर दिसेल ती आई, असा त्यांचा हिशेब. चॅरिटीने फेबीकडे पाहिलं. फेबी डॅफ्नीच्या पायाकडे बघत होती. मालकांना मागून हाक मारून तुमचं चुकलं म्हणायचं, एवढं महत्त्व त्या गोष्टीला तेव्हा नव्हतं. दोन्ही पोरी त्यांच्याच. कुठल्याही रकान्यात घातल्या तरी त्यांच्याच राहणार होत्या.

विनी चॅरिटीच्या खोपटातच वाढली. फेबी राहायची मोठ्या घराच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत, आणि केव्हा कुठल्या मळ्यावरून बोलावणं येईल याचा नेम नसायचा. विनी चॅरिटीला माय म्हणायची, फेबीला आजी. आजी रविवारी यायची, डोक्यावर हात ठेवायची, थोडा गूळपाक आणायची, जायची. बारा वर्षं अशी गेली.

मेजर नोव्हेंबरात गेले. आठवडाभरात स्वयंपाकघरातून वस्तीवर खबर आली. मृत्युपत्रात घर आणि नदीकाठची जमीन फिलिपला. गॅविनला डोंगरांपलीकडची नवी जमीन. ती सगळी जंगल होती, आधी झाडं तोडायची आणि मग राहायचं. लुक्रेशियाबाईंच्या कागदाप्रमाणे त्या चार बायकांची ओळ फिलिपची, म्हणजे इथेच. मेजरांनी विकत घेतलेली आणि त्यांची पोरं गॅविनची, म्हणजे डोंगरापलीकडे. नाताळ झाला की वाटणीला कोर्टाने नेमलेले तीन गृहस्थ येणार होते.

डिसेंबरात डुकरं कापली. खाडीच्या काठावर बायका आतडी धूत बसल्या होत्या. पाणी इतकं गार की बोटं आपली वाटत नव्हती.

"मेजर गेले आणि डुकरं गेली, एकाच हंगामात," डॉल म्हणाली. "डुकरांना निदान मीठ लावून ठेवता येतं."

"तुझ्या जिभेलाही लावायला हवं," कुणीतरी म्हणालं.

"लाव की. टिकेल तरी. गॅविनसाहेबांबरोबर जायचंय मला, तिकडे अस्वलांशी कोण बोलणार?"

बायका हसल्या. चॅरिटी हसली नाही. ती आपली परात उचलून फेबीच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ दोघी आतडं उलटं करून खरवडत राहिल्या.

"फेबीमावशी, बायबलात काय लिहिलंय ठाऊक आहे ना तुला?"

"आहे."

"विनी माझी म्हणून लिहिलीय. डॅफ्नी नेलची म्हणून."

"हं."

"ते तसंच राहू दे."

फेबीने परातीतलं पाणी ओतून टाकलं, दुसरं घेतलं.

"मला तर जायचंच आहे," चॅरिटी खालच्या आवाजात म्हणाली. "माझं काय लिहायचं ते लिहून झालंय. पण डॅफ्नीची छाती तुला माहीत आहे. मागच्या हिवाळ्यात तूच बसलीस तिच्यापाशी. तिकडे छप्परसुद्धा नाही अजून. एक थंडी काढायची नाही ती. विनी धडधाकट आहे. आणि विनीबरोबर मी आहे ना. मी काय तिला परकी आहे? तू डॅफ्नीला बघ, मी विनीला बघते. दोघी जगतील."

"विनी माझ्या नेलची आहे."

"मी कुठे नाही म्हणते? बारा वर्षांत मी कधी काही मागितलं तुझ्याकडे? डॅफ्नी भुकेली रडायची आणि विनी प्यायची, मावशी. आधी कुणाला, ते रोज मी ठरवत होते. तुला कुणी विचारलंच नाही तर तू सांगू नकोस. एवढंच."

"बघू," फेबी म्हणाली.

चॅरिटीने मान हलवली आणि परात उचलून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. फेबीने स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं, तर तिथे काही हललेलं नव्हतं. चॅरिटीचं बरोबर होतं. विनीही जाऊ नये असं वाटत होतं. दोन्ही गोष्टी परातीतल्या दोन दगडांसारख्या शेजारी शेजारी पडून होत्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते तीन गृहस्थ आले. मोठ्या दिवाणखान्यात टेबलावर बायबल उलटं उघडून ठेवलं. मिस्टर क्रेन नावाचे जाड गृहस्थ मुख्य होते. एका अंगाला फिलिप, एका अंगाला गॅविन. कोण कुणाच्या ओळीतलं याचा घोळ सकाळीच झाला, कारण पुस्तकात आया होत्या, पण आयांच्या आया नव्हत्या.

"फेबीला बोलवा," फिलिप म्हणाले.

"गुलामाची साक्ष चालत नाही," तिसरे गृहस्थ म्हणाले.

"साक्ष कोण घेतंय?" मिस्टर क्रेन म्हणाले. "आपण नुसतं विचारतोय. घरातल्या घड्याळाला वेळ विचारतो तसं."

फेबी आली. दाराजवळ उभी राहिली. मिस्टर क्रेननी तिला पुढे बोलावलं आणि सांगितलं, सुरुवातीपासून सांग, घाई करू नकोस, हे शेजारचे गृहस्थ लिहून घेतील.

तिने सांगायला सुरुवात केली. कोबा. कोबाची फेबी, ती मी. कोबाचा जॅक, तो नदीत बुडाला. फेबीची नेल. बेस, बेसची हॅना, हॅनाचे पाच, त्यांतले तीन जिवंत. मेण गळावं तसा तिचा आवाज एका गतीने गळत होता. लिहिणारा मध्ये मध्ये बायबलात बोट फिरवून ताडून बघायचा. जुळलं. जुळलं. हेही जुळलं. ज्या दोन ठिकाणी मेजरांनी साल लिहिलं नव्हतं ती सालंही तिने दिली. दुपारपर्यंत चौतीस नावं झाली. मिस्टर क्रेन खुर्चीत मागे रेलले.

"बायबलपेक्षा ही बरी," ते म्हणाले. "हिला पानं उलटावी लागत नाहीत."

सगळे हसले. फेबी थांबली. मग मागे राहिलेली आपलीच ओळ तिने घेतली.

"फेबीची नेल. नेलला एकच. पावट्याच्या हंगामात, मूल आडवं आलं, नेल गेली. मुलगी विनी."

लिहिणाऱ्याचं बोट पुस्तकावर थांबलं. "डॅफ्नी."

फेबीने पुस्तकावरच्या त्या बोटाकडे पाहिलं.

"इथे डॅफ्नी आहे. नेलची डॅफ्नी. विनी चॅरिटीची."

नंतर कित्येक दिवस फेबी या जागेपाशी येऊन थांबायची. ते नाव तिने घेतलं होतं की तोंडाने आपणहून घेतलं होतं? सकाळपासून तोंड एका वाटेने चाललेलं होतं आणि त्या वाटेवर नेलच्या पुढे विनीच उभी होती, दुसरं कोणी नव्हतं. एवढं तिला खरंच कळत नव्हतं. पण त्यानंतरचं कळत होतं.

"माझ्या वडिलांचं अक्षर आहे ते," गॅविन म्हणाला. "संपलं. पुढे चला."

"थांब," फिलिप म्हणाले. "फेबी, बाबांनी चुकीचं लिहिलं का?"

"मालकांनी पाहिलं तेव्हा विनी चॅरिटीच्या अंगावर होती."

"म्हणून त्यांनी तिची लिहिली?"

"हो मालक."

"आणि तू बारा वर्षं गप्प?"



"दादा, जरा विचार करा," गॅविन हसत म्हणाला. "म्हातारीला नात जवळ हवी. एवढं साधं आहे. आणि तुम्हालाही धट्टीकट्टी पोर हवी, खोकणारी मला."

"फेबी खोटं बोलत नाही. तिच्या दुधावर वाढलोय मी."

"दूध प्यायलात ते तुम्ही. पुस्तक मात्र वडिलांचं आहे."

मिस्टर क्रेननी हात वर केला. "नुसत्या तोंडी गोष्टीवर अक्षर खोडता येणार नाही, फिलिप. दुसरं काही असेल तर सांगा. नसेल तर आहे तेच." त्यांनी फेबीकडे पाहिलं. "काही आहे का गं?"

खोलीत जळणाऱ्या ओंडक्याचा आवाज येत होता. आता कोणी घाई करत नव्हतं. नाही म्हणायचं, मान हलवायची, आणि ते पुढच्या नावाकडे गेले असते. फेबीने मिस्टर क्रेनच्या बुटाच्या बकलाकडे पाहिलं. पितळी होतं, एका बाजूने झिजलेलं.

"चॅरिटीच्या डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली आहेत," ती म्हणाली. "तिच्या आईचीही तशीच होती म्हणते. डॅफ्नीचीही तशीच आहेत."

त्यांना बोलावून आणलं. चॅरिटी आली, दोन्ही पोरी आल्या. पायातले खडबडीत बूट काढायला लावले. लाकडी जमिनीवर तिघी अनवाणी उभ्या राहिल्या. मिस्टर क्रेन उठून आले, वाकले, मांडीवर हात टेकून त्यांनी नीट पाहिलं. लिहिणाराही टेबलावरून पुढे झुकला. डॅफ्नी खोकत होती आणि खोकला दाबायचा प्रयत्न करत होती. विनीचे पाय रुंद, पाची बोटं सुटी.

"पाय जवळ आण," मिस्टर क्रेन चॅरिटीला म्हणाले. "पोरीच्या पायाजवळ."

चॅरिटीने आपला पाय डॅफ्नीच्या पायाजवळ ठेवला. अंगठ्याजवळची दोन बोटं दोघींची सारखीच, शेवटच्या पेरापर्यंत एका कातडीत. चॅरिटी समोरच्या भिंतीकडे बघत होती. कशासाठी बोलावलं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. पण पाय शेजारी ठेवताना तिला समजलं.

"स्पष्ट आहे," मिस्टर क्रेन म्हणाले. लिहिणाऱ्याने दोन नावं खोडली, दोन वर लिहिली. गॅविनने खांदे उडवले. "ठीक आहे. मग मला त्या खोकणारीबद्दल वाटणीत भरपाई द्या," तो म्हणाला आणि त्यावर त्यांचं वेगळं बोलणं सुरू झालं. बायकांना जायला सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर चॅरिटीने बूट घातले. फेबी तिच्या मागून खाली उतरली. चॅरिटीने वर पाहिलं नाही.

"बोलली असतीस नुसती, तर मी समजले असते," ती म्हणाली. "पाय का दाखवलास?"

मग तिने डॅफ्नीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी वस्तीकडे निघाल्या. विनी त्यांच्या मागे धावली. फेबी पायरीवर उभी राहिली. नात जिंकून आणलेली बाई जशी दिसायला हवी, तशी ती दिसत असेल असं तिला वाटलं नाही. तिला भूक लागली होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि मक्याची थंड भाकर उभ्यानेच खाल्ली.

दहा दिवसांनी गाड्या निघाल्या. चार गाड्या, एकोणतीस माणसं. चॅरिटीचा नवरा नदीपलीकडच्या मळ्यावरचा, त्याला त्या सकाळी यायला परवानगी मिळाली नव्हती. डॉल गाडीत एका पिंपावर बसली होती आणि सगळ्यांना ओरडून सांगत होती, "अस्वलांना काही निरोप?"

फेबीने जंगली चेरीची साल कुटून कापडात बांधून आणली होती. "खोकल्याला. उकळून दे. मधाशिवाय देऊ नकोस, पोटात कळ येते."

चॅरिटीने पुरचुंडी घेतली. न घेण्याइतका राग तिला परवडणारा नव्हता. कपड्यात खोचून झाल्यावर ती बोलली, जणू कामाची यादी सांगतेय.

"विनी झोपेत दात खाते. उठवू नकोस, घाबरते. उशिरा खाल्लं तर पचत नाही तिला. डाव्या कानात गार वारं लागलं की दुखतो, तिथे फडकं बांधत जा. केस विंचरताना बोलत राहायचं, नाही तर हलते."

फेबीला यातलं काही माहीत नव्हतं. विनीचा जन्म, वार, घटका, हे सगळं माहीत होतं. हे नव्हतं.

"लक्षात राहील," ती म्हणाली.

विनीला मोझेसने धरून ठेवलं होतं, नाहीतर ती चाकाजवळ गेली असती. ती माय, माय म्हणून ओरडली. डॅफ्नी गाडीच्या मागच्या फळीला धरून तिच्याकडे बघत होती आणि खोकत होती. गाड्या वळणावरच्या देवदारांआड गेल्या तरी खोकला थोडा वेळ ऐकू येत होता.

विनी फेबीच्या खोलीत राहायला आली. सांगितलेलं काम करायची. पीठ चाळायची, राख काढायची, पाणी आणायची. आजी म्हणणं तिने सोडून दिलं. त्या जागी दुसरं काही म्हणत नव्हती. "हे कुठे ठेवू?" असं हवेलाच विचारायची. फेबी तिचे केस विंचरायला बसली की बोलत राहायची, कारण चॅरिटीने तसं सांगितलं होतं. पण बोलायला तिच्याकडे काय होतं? ती ओळी सांगायची. ज्यूनची बेट्टी, बेट्टीचा मोझेस. विनी हलायची नाही.

फिलिपसाहेब एकदा स्वयंपाकघराशी आले. "झालं ना मनासारखं, फेबी?" त्यांनी विचारलं. चांगल्या मनाने विचारलं होतं.

"हो मालक," फेबी म्हणाली.

डोंगरापलीकडून कोणाची खबर आली नाही. चांगली नाही, वाईटही नाही. मार्चमध्ये फेबीने दोन बाळंतपणं केली. एक पायाळू होतं, तेही जगलं. फिलिपसाहेबांनी मागच्या पानांवर ती नावं लिहिली.

एप्रिलमध्ये नदीत हेरिंग मासे वर चढू लागले. सगळी वस्ती काठावर. पुरुष जाळी ओढायचे, बायका पोटं फाडून मीठ भरायच्या. फेबी आणि विनी एका फळीवर समोरासमोर बसल्या होत्या. दोघींचे हात कोपरापर्यंत खवल्यांनी चमकत होते. दुपार झाली होती, वारा पडला होता.

"नेल कशी होती?" विनीने विचारलं.

तीन महिन्यांत तिने स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट. फेबीची सुरी थांबली नाही.

"नेल म्हणजे फेबीची. कोबाची नात. पहिल्या बाईसाहेबांच्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात झाली, सरळ झाली, वेळ लागला नाही. फिलिपसाहेबांच्या आधी सात आठवडे."

"ते नाही. ते मला पाठ झालंय." विनीने मासा पालथा केला. "दिसायला कशी होती?"

फेबीने शोधलं. नेलची ती शेवटची सकाळ समोर आली. ती कधीच गेलेली नव्हती. आडवं मूल, आत घातलेला स्वतःचा हात, बाळाचा खांदा कुठे होता ते, रक्त किती वेळ गरम राहिलं ते. गवताची गादी. नेलचे गुडघे. गुडघ्यांच्या वर तिची नजर जात नव्हती. चोवीस वर्षांतला दुसरा कुठला दिवस पकडावा म्हणून ती मागे गेली, तर तिथे ती दुसऱ्या कोणाच्या तरी बाळंतपणाला गेलेली होती.

विनी वाट बघत होती. तिच्या हनुवटीला एक खवला चिकटला होता.

"तुझ्यासारखी," फेबी म्हणाली.

"माझ्यासारखी?"

"अगदी."

विनीने ओल्या मनगटाने स्वतःचा गाल चाचपला, कपाळ चाचपलं. मग मिठाचं भांडं जवळ ओढलं. वरून जाळं ओढणाऱ्यांनी हाक दिली, आणखी एक टोपली उतरवायची होती, आणि ती उठून गेली.